शीळ त्याची, गाणं दुसऱ्याचं

मराठीत शीळ वेगळी आणि शिट्टी वेगळी. शीळ रानात घुमते, तिला ना. घ. देशपांड्यांची कविता आणि जी. एन. जोशींची ध्वनिमुद्रिका लाभली. शिट्टी कुकरची, नाहीतर नाक्यावरच्या पोरांची. ओठांच्या या संगीताला बहुतेक ठिकाणी शिट्टीचाच मान मिळाला: घटकाभर गंमत, टाळ्या, पुढचा कार्यक्रम. जॉर्ज वॉशिंग्टन जॉन्सनचं आयुष्य हा त्याचा सर्वांत बोचरा दाखला.

व्हर्जिनियात 1846च्या सुमारास, गुलामगिरीच्या काळात जन्मलेला हा कृष्णवर्णीय कलावंत न्यूयॉर्कच्या फेरीबोटींच्या धक्क्यांवर शीळ घालून पोट भरायचा. 1890मध्ये नवख्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी त्याला हेरलं. मोबदला गाण्यामागे 20 सेंट.

ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन यायला अजून पस्तीसेक वर्षं होती. कलाकार कर्ण्यापुढे उभा राहायचा आणि निव्वळ त्याच्या आवाजाच्या जोरावर सुई मेणात चर कोरायची. नाजूक आवाज त्यात हरवायचे, पण मोकळी, धारदार शीळ लख्ख उमटायची. प्रती काढायची मात्र सोय नव्हती. समोर तीन-चार यंत्रं मांडायची, गाणं म्हणायचं, मेणाची नळकांडी बदलायची, की पुन्हा पहिल्या ओळीपासून. जॉन्सन एकेका दिवसात तेच गाणं पन्नासेक वेळा म्हणायचा. 1895पर्यंत त्याची 25 ते 50 हजार नळकांडी खपली असा अंदाज आहे, आणि त्यातलं एकेक त्याने श्वास खर्चून भरलेलं.

आणि गाणं कोणतं? ‘द व्हिसलिंग कून’. सॅम डेव्हेर या गोऱ्या कलाकाराने काळ्या माणसाची टिंगल करण्यासाठी रचलेलं. ‘कून’ ही शिवी थेट शीर्षकातच. ते शब्द जॉन्सनच्याच तोंडी आले. त्याच्याविषयी बोलताना या शब्दांची चर्चा होते, व्हायलाच हवी. पण कडवं संपून शीळ सुरू होते तिथे कान द्यावा. मेणाच्या खरखरीतूनही ती ठसठशीत, लयीत झुलत येते. तेवढा तुकडा पूर्णपणे त्याचा आहे.

साच्यावरून प्रती निघू लागल्या आणि पन्नासदा गाणाऱ्या माणसाची गरज संपली. पुढे जॉन्सन लेन स्पेन्सर या सहकलाकाराच्या कचेरीत दरवान झाला. 1914मध्ये तो गरिबीत वारला.

कला थांबली नाही. ॲग्नेस वुडवर्डबाईंनी 1909मध्ये लॉस एंजेलिसला शीळेची शाळा काढली, पक्ष्यांच्या लकबी खुणांनी कागदावर उतरवल्या. ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ (1964) या चित्रपटातली शीळ अलेस्सांद्रो अलेस्सांद्रोनींची. ती धून ओळखणारे संगीतकार एन्निओ मोरिकोनेंचं नाव चटकन घेतात. ज्यांच्या ओठांतून ती निघाली, त्यांचं क्वचितच.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या मेपल ग्रोव्ह दफनभूमीत जॉन्सनच्या थडग्यावर शंभर वर्षं नावसुद्धा नव्हतं. ते 2014मध्ये लागलं.