वयाची उतरंड आणि मैत्री

आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयातल्या मुली हल्ली कोरियन मालिकांतले शब्द सहज वापरतात. 'ओप्पा' हा त्यांतला एक. वयाने मोठ्या भावाला, मित्राला किंवा प्रियकराला मुलीने हाक मारायची ती अशी. मुलगा असेल तर तो मोठ्या मित्राला 'ह्योंग' म्हणजे थोरला भाऊ म्हणतो. तासानंतर एक विद्यार्थिनी मला म्हणाली, "सर, तिथं जात नाही. मान वयाला आहे, आणि वय तर सगळ्यांचंच वाढतं." हे विधान मला पटकन खोडता आले नाही. म्हणून हे टिपण.

आधी ही व्यवस्था कशी चालते ते पाहू. मराठीत 'तू' की 'तुम्ही' अशी अडचण आली तर "चहा घ्यायचा का?" असे विचारून वेळ मारून नेता येते. कोरियन भाषेत अशी पळवाट फारशी नाही. वाक्य क्रियापदावर संपते, आणि क्रियापदाच्या प्रत्ययातच ऐकणाऱ्याची पायरी ठरते. जेवणालासुद्धा बरोबरीच्या माणसाशी बोलताना 'बाप' म्हणजे भात, मोठ्यांशी 'सिक्सा', आजोबांशी 'जिंजी'. म्हणून ओळख होताच वय विचारतात. आपल्याला तो आगाऊपणा वाटेल. तेथे ती व्याकरणाची गरज आहे. आदर नसलेल्या बोलीला 'बानमाल' म्हणतात. शब्दशः अर्धे बोलणे.

'छिंगू' म्हणजे मित्र. ह्या शब्दाची घडण 'जवळचा' आणि 'जुना' अशा दोन चिनी पदांची आहे. तीत वय कोठेच नाही. व्यवहारात मात्र छिंगू तो फक्त समवयस्क. एका वर्षाने मोठा असलेला कितीही जिवलग असो, तो ह्योंग. त्याला नुसत्या नावाने हाक मारता येत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेली मुले पूर्वी आधीच्या वर्षीच्या मुलांबरोबर शाळेत जात. अशा मुलाचे शाळेतले आणि बाहेरचे मित्र एकत्र आले की कोणी कोणाला काय म्हणायचे हा घोळ होई. त्याला तेथे 'वंशावळ गुंतली' म्हणतात. मैत्रीच्या गोष्टीत वंशावळ!

ह्यात माया नाही असे मी म्हणणार नाही. ह्योंगने धाकट्याला खाऊ घालायचे, हॉटेलचे बिल द्यायचे, अडीअडचणीला उभे राहायचे. दोघे जवळ आले की 'बोलणे खाली ठेवू या' असे ठरते. पण ती मुभा द्यायची मोठ्याने.

वय हे निसर्गाचे माप आहे, म्हणून ते निष्पाप आहे, असा माझ्या विद्यार्थिनीचा आशय होता. दक्षिण कोरियाच्या सक्तीच्या लष्करी सेवेत हेच माप गळून पडते. तेथे आधी भरती झालेला वरचा, मग तो वयाने लहान का असेना. आणि एका वर्षाची ही रेघ प्राचीन आहे हेही खरे नव्हे. यी हांग-बोक १५५६ सालचा, यी दक-ह्योंग १५६१ सालचा. पाच वर्षांचे अंतर असूनही त्यांची मैत्री कोरियात बालकथांचा विषय झाली आहे. शाळेची इयत्ता आणि लष्कराची बराक ह्यांनीच ती रेघ धारदार केली असावी, असे मला वाटते.

पण खरी गोष्ट निराळीच आहे. कोरियात 'बेकजोंग' नावाचा समाज होता. जनावरे कापणे, कातडे कमावणे, टोपल्या विणणे हे त्याचे धंदे. त्याची वस्ती वेगळी होती. ह्या समाजातल्या म्हाताऱ्याने सामान्य शेतकऱ्याच्या पोराशीही आदराने बोलायचे, आणि पोराने त्याला बानमाल ऐकवायची. १८९४ च्या सुधारणांनी दर्जाभेद कायद्याने मिटवले, तरी बोलणे बदलले नाही. मग त्या म्हाताऱ्याचे वय कोठे गेले? ते मोजलेच गेले नाही. वयाचा मान हा ज्यांना आधीच माणूस मानले होते त्यांच्यापुरताच होता.

हे वाचताना माझे आजोबा आठवले. सत्तरीतल्या ह्या माणसाला वाड्यावरचा दहा वर्षांचा मुलगा 'अरे' म्हणे, आणि आजोबा त्याला 'जी मालक' म्हणत. मी पदवी घेतली तेव्हा ते नव्हते.

महाड सत्याग्रहाच्या चार वर्षे आधी, एप्रिल १९२३ मध्ये, जिंजू शहरात बेकजोंगांनी 'ह्योंगप्योंगसा' ही संघटना उभी केली. खाटकाच्या तराजूचे दांडे समपातळीत यावे, ही त्या नावामागची कल्पना. त्यांच्या उद्दिष्टांत शिक्षण होते, वर्गभेद मोडणे होते, आणि अपमानकारक संबोधने रद्द करणे हेही होते. भाषेतला प्रत्यय हा भाकरीइतकाच निकडीचा प्रश्न असतो हे त्यांना कोणा पंडिताने शिकवले नव्हते.

मालिकांच्या इंग्रजी उपशीर्षकांत ह्यातले काही उरत नाही. थोरला, धाकटा, नोकर, मालक, सगळ्यांना एकच सर्वनाम. मराठी अनुवादकाच्या हाती निदान 'अरे', 'अहो' आणि 'जी' आहेत. हे काम कोणी मनावर घ्यायला हवे. त्या विद्यार्थिनीला मी एवढेच सांगितले की पुढच्या भागात दोघे बोलणे खाली ठेवतील तेव्हा मुभा मागितली कोणी आणि दिली कोणी ते बघ.