'स्किप' म्हणजे नकार नव्हे

जुलै २०२५ मधलं रमीप्रकरण तुम्हाला आठवत असेलच. सभागृहात बसलेल्या तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा व्हिडिओ रोहित पवारांनी समाजमाध्यमावर टाकला. मोबाइलवर रमीचा डाव दिसत होता. आपण खेळत नव्हतो. यूट्यूबवर दुसऱ्या सभागृहाचं कामकाज बघायला गेलो तेव्हा तो गेम समोर आला आणि आपण तो 'स्किप' करत होतो, असा कोकाटेंचा खुलासा होता. महिनाअखेरीस त्यांचं खातं बदललं.

खुलासा खरा की खोटा, यात मला शिरायचं नाही. व्हिडिओमधल्या जाहिरातींवर प्रेक्षकाचा ताबा किती, हा माझ्या पीएचडीचा विषय. त्यामुळे माझी नजर अडकली ती त्या एका शब्दावर: 'स्किप'. आपल्या हातात तेवढंच असतं का?

आधी त्या बटणाकडेच बघू. यूट्यूबने ते २०१० च्या अखेरीस आणलं. पाच सेकंद थांबा, मग पुढे जा. आपल्याला वाटतं, ही प्रेक्षकाची सोय. पण यामागचा मूळ हिशोब असा होता, की तुम्ही तीस सेकंद (जाहिरात त्याहून लहान असेल तर पूर्ण) पाहिलीत किंवा तिच्यावर टिचकी मारलीत, तरच जाहिरातदाराला पैसे मोजावे लागत. म्हणजे हे बटण मुळात जाहिरातदाराचं मीटर आहे. 'आत्ता नको' एवढंच ते सांगतं; 'पुन्हा कधीच नको' हे सांगत नाही.

आता तुम्ही म्हणाल, नियंत्रणाची वेगळी सोय आहे की! आहे. गुगलने २०२२ मध्ये 'माय ॲड सेंटर' आणलं. दारू, जुगार, डेटिंग, वजन घटवणं, गर्भधारणा व पालकत्व अशा संवेदनशील विषयांच्या जाहिराती तिथे कमी करता येतात. चांगली गोष्ट आहे, वापरा जरूर. पण शब्द नीट वाचा: 'कमी', 'बंद' नव्हे. शिवाय ही निवड खात्यापुरती असते. धनकवडीतलं एखादं घर डोळ्यांसमोर आणा: आजोबांच्या खात्यावर कीर्तन, त्याच खात्यावर नातवाची बालगीतं आणि रात्री मुलाची क्रिकेट. यंत्रणेच्या लेखी हा एकच माणूस! आपली घरं फोन वाटून घेतात, हे या रचनेत कुठेच बसत नाही.

यावर 'तंत्रज्ञानाला मर्यादा असतातच' हे उत्तर ठरलेलं. मला ते अर्धंच पटतं. मार्च २०१७ मध्ये, आपल्या जाहिराती दहशतवाद्यांच्या आणि द्वेषाच्या व्हिडिओंवर दिसतात हे लक्षात आल्यावर बड्या ब्रँडांनी यूट्यूबवरून जाहिराती काढल्या. गुगलने माफी मागितली आणि काही दिवसांतच जाहिरातदारांसाठी नवी नियंत्रणं जाहीर केली. म्हणजे मनात आणलं तर होतं. प्रश्न आहे कुणाच्या म्हणण्याला वजन आहे, हा.

मोझिला फाउंडेशनने २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला, २२,७२२ स्वयंसेवकांच्या मदतीने. तो जाहिरातींचा नाही, यूट्यूबच्या शिफारशींचा आहे, हे आधीच सांगतो. त्यातले आकडे इथे जसेच्या तसे लावू नका. 'नापसंत' बटणाने नको असलेल्या शिफारशींपैकी सुमारे १२ टक्केच अडल्या, 'रस नाही' ने ११ टक्के आणि 'या चॅनेलची शिफारस नको' ने ४३ टक्के. यातून एवढं नक्की शिकता येतं, की बटण असणं वेगळं आणि ते चालणं वेगळं. चालतं का, हे बाहेरच्या कुणीतरी तपासायला हवं.

इथेच खरी मेख आहे. अलका चौकात आक्षेपार्ह फलक लागला, तर तो सगळ्यांना दिसतो. फोटो काढता येतो, महापालिकेच्या आकाशचिन्ह विभागाकडे परवानगीबद्दल विचारता येतं. फलकाला साक्षीदार असतात. व्हिडिओतली जाहिरात मात्र फक्त मला दिसते, पंधरा सेकंदांत जाते. खातेदाराला अलीकडच्या काही जाहिराती नंतर बघता येतात. संशोधकाला, पत्रकाराला, मतदाराला नाही. म्हणून तर कोकाटेंचा खुलासा ना बाहेरून सिद्ध करता येतो, ना खोडता येतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांची जाहिरात आता गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड. रमीवर उत्तर मिळालं ते कायद्यातून, बटणातून नाही. पण प्रत्येक विषयावर सरसकट बंदी घालणं मलाही नको आहे. हमखास परताव्याची टिप देणारी जाहिरात निवृत्त माणसाची पुंजी घालवू शकते, म्हणून गुंतवणुकीच्या सगळ्याच जाहिराती बंद करायच्या का? नाही. पण त्या कुणाला, किती वेळा दाखवल्या, याची नोंद तपासायला खुली असावी, इतकी मागणी वाजवी आहे.

तोवर एक करा. आज घरातल्या वडीलधाऱ्यांचा फोन हातात घ्या, जाहिरातीवरच्या तीन टिंबांवरून सेटिंग उघडा आणि जुगाराचा विषय कमी करा. दोन मिनिटं लागतात. त्यानंतर आठवडाभर काय काय दिसलं, ते मात्र त्यांच्याशेजारी बसूनच बघावं लागेल. कारण दुसरा साक्षीदार नाही.