प्रोमेनेड डेकचा नकाशा

(अगाथा ख्रिस्तीच्या ‘डेथ ऑन द नाईल’ आणि ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’ या दोन्ही कादंबऱ्यांचं रहस्य या लेखात फुटलेलं आहे. ज्यांना अजून वाचायच्या आहेत त्यांनी आधी त्या वाचाव्यात, हा लेख कुठे जात नाही.)

गेल्या मार्चमध्ये मला एका बोटीचा नकाशा आला. नाईलवरची दहाबिया, म्हणजे दोन शिडांची, जुन्या धाटणीची लांबट बोट. इस्नाहून निघून अस्वानला जाणारी, सगळ्या मिळून आठ केबिन. सफर पुढच्या जानेवारीतली. दहा महिने आधी पैसे भरायचे म्हटल्यावर ऑफिसातले मित्र हसले, पण आठच केबिन असलेल्या बोटीचं गणित सोपं असतं. एका कुटुंबाने चार घेतल्या की निम्मी बोट संपली, आणि एखाद्या ग्रुपने अख्खी बोट उचलली की तुमच्यासाठी ती तारीखच उरत नाही. हजारो प्रवाशांच्या मोठ्या जहाजावर उशिरा आलेल्यालाही काहीतरी मिळतंच. छोट्या बोटीवर लवकर येण्याचा खरा फायदा सवलत नसून निवड हा असतो.

मी बस तिकिटांच्या आरक्षणाचं सॉफ्टवेअर लिहिते. त्यामुळे नकाशा आला की आधी त्यात काय दाखवलेलं नाही हे बघायची सवय आहे. आमच्याकडे सीट दोन प्रकारे विकता येते. एक, नेमका नंबर देऊन. दोन, नुसता प्रकार देऊन, म्हणजे ‘स्लीपर, एक नग’, नंबर गाडी सुटायच्या आधी कधीतरी. बोटींचंही तसंच असतं. स्वस्तातला दर बहुधा दुसऱ्या प्रकारचा असतो: केबिन नक्की मिळेल, कोणती ते आम्ही ठरवू. आम्हाला आलेल्या पहिल्या पावतीवर ‘खालच्या डेकवरची डबल केबिन’ एवढंच होतं. मी परत मेल टाकून पावतीवर नंबर लिहून मागितला. लवकर पैसे भरले म्हणजे आवडती केबिन आपली झाली असं समजणारे लोक इथे फसतात. नंबर कागदावर येईपर्यंत तुम्ही फक्त रांगेत पहिले असता.

हे सगळं चालू असताना ‘डेथ ऑन द नाईल’ पुन्हा वाचायला घेतली. कॉलेजात वाचली होती, हॉस्टेलवर, परीक्षेच्या आदल्या रात्री, फक्त खुनी कोण एवढ्यासाठी. या वेळी कादंबरीत छापलेला बोटीचा नकाशा समोर उघडा ठेवून वाचली आणि मला ती वेगळीच वाटली. 1937 ची ही कादंबरी प्रेमत्रिकोणाची आणि पैशाच्या लोभाची आहे असं तिच्याबद्दल नेहमी म्हटलं जातं. ते खरंच आहे. पण ती त्याहून जास्त केबिनच्या वाटपाची गोष्ट आहे.

लिनेट रिजवे ही तरुण, देखणी, अतोनात श्रीमंत बाई. तिने मैत्रिणीचा, जॅकलीनचा, नियोजित नवरा सायमन डॉईल याच्याशी लग्न केलंय. मधुचंद्राला इजिप्तला आलेल्या या जोडप्याचा जॅकलीन पिच्छा सोडत नाही. तिला चुकवायला ते गुपचूप ‘कार्नाक’ बोटीवर चढतात, तर जॅकलीन तिथे हजर. पैशाने जगातली कोणतीही खोली विकत घेता येते, पण शेजारच्या खोलीत कोण असेल हे विकत घेता येत नाही. लिनेटची खरी घुसमट ही आहे. ख्रिस्ती हे कुठे भाष्य म्हणून सांगत नाही, फक्त एका छोट्या बोटीवर सगळ्यांना कोंबते. हॉटेल असतं तर लिनेट दुसऱ्या हॉटेलात गेली असती.

म्हणूनच केनेथ ब्रानाचा 2022 चा सिनेमा मला पटला नाही. त्यात डॉईल जोडपं जॅकलीनपासून सुटायला अख्खी बोटच भाड्याने घेतं आणि लग्नाचे पाहुणे सोबत नेतं. बोट चकचकीत आहे, केबिन प्रशस्त आहेत, अली फजलही आहे. पण सगळेच आमंत्रित म्हटल्यावर अनोळखी शेजाऱ्याची भीती संपते. स्वतंत्रपणे तिकीट काढून आलेली, एकमेकांशी देणंघेणं नसलेली माणसं एका कठड्याला टेकून उभी असतात, ही कादंबरीची मूळ अस्वस्थता आहे. सिनेमाने ती काढून टाकली आणि तिच्या जागी मेजवानी ठेवली.

आता खून. जॅकलीन सलूनमध्ये सायमनवर पिस्तूल झाडते, तो पाय धरून कोसळतो. भांबावलेल्या जॅकलीनला तिच्या केबिनकडे नेलं जातं, कोणीतरी डॉक्टर बेसनरला उठवायला पळतं. सलूनमध्ये सायमन काही मिनिटं एकटा. गोळी त्याला लागलेलीच नसते. तो उठून डेकवरून पळतो, झोपलेल्या लिनेटला मारतो, परत येतो आणि मग स्वतःच्या पायात खरी गोळी घालतो. हा सगळा डाव दोघांनी मिळून रचलेला. आणि तो उभा आहे एकाच गोष्टीवर: सलून आणि लिनेटची केबिन एकाच डेकवर, धावत जाऊन परतता येईल इतक्या अंतरावर असणं. लिनेटला एक मजला खालची केबिन मिळाली असती तर कादंबरीच घडली नसती. कुठल्याही प्रणालीत अशी एक अट सापडली की आम्ही तिच्याभोवती लाल चौकट काढतो. ख्रिस्ती मात्र त्या अटीवर रेंगाळत नाही. श्रीमंत बाई वरच्या डेकवरच असणार हे तिने आणि तिच्या वाचकाने इतकं गृहीत धरलेलं आहे की त्याला पुरावा लागत नाही. मला हा रचनेतला दोष वाटतो, पण दुसऱ्या बाजूने पाहिलं तर हेच तिचं चातुर्य आहे. खुनी तिचा वर्ग ओळखून वेळेचा हिशेब करतो.

तीन वर्षं आधीच्या ‘ओरिएंट एक्सप्रेस’मध्ये तिने हाच मुद्दा उलटा केला होता. ऐन हिवाळ्यात, जेव्हा गाडी रिकामी असायची, तेव्हा डबा भरलेला. प्वारोला बर्थ मिळत नाही. रेल्वे कंपनीचा संचालक, त्याचा मित्र बूक, एका न आलेल्या प्रवाशाची जागा त्याला मिळवून देतो आणि पुढे आपली स्वतःची केबिन देऊन टाकतो. वाचताना हा मैत्रीचा प्रसंग वाटतो. शेवटी कळतं की डबा भरला होता कारण तो भरण्यात आला होता. बारा माणसांनी आधीपासून जागा घेऊन ठेवल्या होत्या, बाहेरचा कोणी आत येऊ नये म्हणून. लवकर आरक्षण हेच गुन्ह्याचं हत्यार. आणि वशिल्याने ऐनवेळी घुसलेला एक प्रवासी सगळं उधळतो. मला विचाराल तर आरक्षणावर लिहिलेली ही सर्वोत्तम कादंबरी आहे. ‘नाईल’ तिच्या तुलनेत सैल आहे. मोत्यांच्या हाराचं प्रकरण, दारू पिणाऱ्या लेखिकेचं प्रकरण, गुप्त हेराचं प्रकरण यात मधली शंभरेक पानं पातळ होतात.

तरी ‘नाईल’कडे मी परत का जाते, तर त्या नकाशासाठी. तो प्रोमेनेड डेकचा आहे. केबिनचे नंबर, कोणात कोण, सगळं चोख. पण तो फक्त त्याच डेकचा आहे. खालच्या डेकचा नकाशा कादंबरीत नाही. लिनेटची मोलकरीण लुईस बूर्जे खालच्या डेकवर असते. प्वारोने जबानी घेतली तेव्हा ती म्हणते की आपल्याला झोप लागली नसती आणि आपण जिना चढून वर आलो असतो, तर कदाचित खुनी दिसला असता. सगळं ‘असतं तर’ मध्ये. खरं म्हणजे ती आलेली असते, तिला दिसलेलं असतं, आणि ते ती खोलीत असलेल्या सायमनला ऐकवून पैशाचा सौदा करत असते. सगळ्यात मोठा साक्षीदार नकाशाबाहेरच्या डेकवरून आलेला आहे. थोड्या वेळाने ती मरते. तिच्या मरणावर कोणी फार वेळ थांबत नाही, प्वारोसुद्धा नाही. आणि बोट चालवणारे बहुतेक नाविक तर नावानिशी भेटतच नाहीत. ख्रिस्तीला हे दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही. तिचा सगळा उलगडाच न दिसणाऱ्या जिन्यावर टांगलेला आहे. पण तिने तो जिना रहस्यासाठी वापरला आणि सोडून दिला.

एक जाता जाता. शेल्लाल ते वादी हल्फा हा ‘कार्नाक’चा जलमार्ग आज तसा उरलेला नाही. अस्वानचं मोठं धरण 1970 मध्ये पूर्ण झालं आणि तो काठ नासर सरोवराखाली गेला. अबू सिंबेलची मंदिरं त्याआधी कापून वर नेऊन ठेवली. कादंबरीतला मोठा दगड जिथे घरंगळतो ती जागा आता पाण्यात आहे.

आमच्या नकाशाकडे परत येते. केबिन खालच्या डेकवर, एका अरुंद बोळाच्या दोन्ही अंगांना. टोकाला, बोटीच्या मागच्या बाजूला, सज्जा असलेल्या दोन मोठ्या खोल्या. जेवण, बसणं, चहा सगळं वरच्या डेकवर. मी आधी दिशा पाहिली. बोट दक्षिणेला, प्रवाहाच्या उलट जाते, कारण वारा बहुतेक उत्तरेकडून येतो. म्हणजे पश्चिम उजवीकडे. उजवीकडची केबिन घेतली तर सूर्यास्त खिडकीत, आणि दुपारचं ऊनही खिडकीत.

हे असं बाजू निवडण्याचं शास्त्र आपल्याला फार आवडतं. ‘पॉश’ हा शब्द पी अँड ओच्या बोटींवरून आला अशी एक गोष्ट सांगतात. इंग्लंडहून मुंबईला येताना डावी केबिन, जाताना उजवी, म्हणजे दोन्ही वेळा सावली. त्या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं तिकिटावर छापायचे म्हणे. असं तिकीट कोणालाही सापडलेलं नाही, कोशकार ही व्युत्पत्ती मानत नाहीत. तरी ती मरत नाही. माहितगार माणसाला चांगली केबिन मिळतेच यावर आपल्याला विश्वास ठेवायचा असतो.

मी सज्जाची खोली धरून बसले होते. आईबाबांच्या लग्नाला पस्तीस वर्षं होणार, आईने आयुष्यभर सगळ्या सहली शाळेच्या पोरांना घेऊन केल्या, एकदा तरी सज्जात बसून चहा प्यावा असं मला वाटत होतं. बाबांना चार वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. सपाट मोकळ्या जागेत ते बरे चालतात. दार आलं, बोळ आला, की पाय जमिनीला चिकटतात. मग कोणीतरी पुढे उभं राहून “एक, दोन” म्हणावं लागतं. हे मला माहीत होतं आणि तरी मी तीन दिवस सूर्यास्ताची दिशा मोजत होते.

रविवारी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. बाबांनी सज्जाच्या खोलीकडे पाहिलंच नाही. त्यांनी विचारलं, “जिना कुठाय?”

नकाशात जिना नव्हता. वरचा डेक वेगळ्या पानावर, खालचा वेगळ्या पानावर, दोन्हींना जोडणारं काहीच नाही.

मग बाबा कोकण बोटीबद्दल बोलायला लागले. लहानपणी मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जायचे. केबिन वगैरे त्यांच्यासाठी नव्हतीच. फळी लागली की आजोबा सगळ्यात पुढे धावत आणि डेकवर चादर टाकत. चादर पडली ती जागा आपली. आजोबांची जागा ठरलेली असे: जिन्याजवळ. लोक तिथे बसायला नाखूश, सारखी ये-जा, पाय लागतात. पण आजोबांचं म्हणणं असे की उलटी झाली, पोराला शू लागली, काही झालं तरी आपण आधी उठतो. शिवाय कोण वर गेलं कोण खाली आलं, सगळं दिसतं.

आई म्हणाली, “मला वर बसून पण चहा चालेल. सज्जा काय, बोटीला सगळीकडून नदीच दिसते की.”

मी कंपनीला मेल केला. जिना कोणत्या टोकाला, पायऱ्या किती, कठडा एका बाजूला की दोन्ही, केबिनच्या दाराला उंबरा आहे का, न्हाणीघराच्या दाराला आहे का. उत्तर यायला आठवडा लागला. जिना पुढच्या टोकाला, सज्जाच्या खोल्यांच्या अगदी विरुद्ध. अकरा पायऱ्या, कठडा एकाच बाजूला. उंबरा न्हाणीघराला आहे, चार बोटं. सोबत कोणीतरी फोनवर काढलेला जिन्याचा फोटो होता, पायरीवर एक पांढरी मांजर.

जिन्यालगतची एक नंबर केबिन तेव्हा मोकळी होती. दर सगळ्यात कमी, कारण ये-जा. पूर्व बाजूची. तिचा नंबर आता पावतीवर आहे आणि समोरची दोन नंबर माझ्या नावावर. बाबांनी फोटो प्रिंट करून मागितला आणि त्यावर पेनाने पायऱ्या मोजल्या. त्यांच्या मते त्या बारा आहेत.