शर्यतीची गाडी आणि राहूड घाट

‘ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा साठवून हायब्रिड गाडी पुन्हा वेग घेते.’ फॉर्म्युला वन शर्यतींवरील लेखांत हे वाक्य आम्हाला वारंवार भेटते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. किती ऊर्जा आणि किती वेळात, हे त्यात राहूनच जाते.

हिशोब करून पाहू. ८०० किलोग्रॅमची गाडी ताशी ३०० किलोमीटरवरून १०० वर आली, की सुमारे २.५ मेगाज्यूल गतिज ऊर्जा घटते. हे अडीच सेकंदांत घडले असे मानले, तर शक्ती होते १००० किलोवॅट. २०१४ ते २०२५ या काळात चाकांकडून ऊर्जा घेणाऱ्या विद्युतयंत्राची मर्यादा होती १२० किलोवॅट. म्हणजे आठवा हिस्साही साठत नसे. उरलेल्या ऊर्जेने ब्रेक आणि हवा तापे. २०२६ पासून ही मर्यादा ३५० किलोवॅट का केली, ते आता उमगेल.

आता आमच्या चांदवडजवळचा राहूड घाट घ्या. समजा, १० टनांचा ट्रक १०० मीटर उंची पाच मिनिटांत उतरला. स्थितिज ऊर्जा घटली ९.८ मेगाज्यूल, म्हणजे शर्यतीच्या गाडीच्या जवळजवळ चौपट. शक्ती मात्र अवघी ३३ किलोवॅट! काही भाग घर्षणात जाईल, पण उरलेली ऊर्जा लहान यंत्रही गोळा करील, आणि घाटात ब्रेक तापून निकामी होण्याचा धोकाही घटेल.

शर्यतीच्या झगमगाटात लेखक हेच विसरतात. ऊर्जा आणि शक्ती यांतील फरक शिकवायला घाटातला ट्रक अधिक चांगला गुरू आहे.