गळतीचे भोक दुहेरी असते

पाण्याची नासाडी हा एक विषय आणि पाण्याचे प्रदूषण हा दुसरा, अशी विभागणी आपण वर्गात करतो. योजना आखणारेही करतात. आमचा आक्षेप या विभागणीलाच आहे.

वाशीम जिल्ह्यातील जऊळका परिसर घ्या. खाली बेसाल्टचा खडक. त्यात पाणी साठते ते भेगांत आणि वरच्या मुरमात, म्हणजे बेताचेच. अशा प्रदेशातील नळयोजना दिवसातून तास-दोन तास, उन्हाळ्यात तर काही दिवसांआड चालतात. एरवी नळवाहिनी रिकामी. पाणी सुटले की फुटक्या सांध्यातून ते बाहेर पडते. ही झाली नासाडी. पुरवठा थांबून पाणी उताराकडे ओसरले की वाहिनीतील दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि त्याच सांध्यातून भोवतीचे सांडपाणी आत ओढले जाते. वाहिनी गटारातून गेलेली असेल (आणि असे पुष्कळदा असते!) तर पुढचे सांगायला नको. जलसुरक्षकाने टाकीत टीसीएल पावडर इमानाने टाकली, तरी तिच्यातील क्लोरीन या घाणीवरच खर्ची पडतो.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटरचे उद्दिष्ट ठरवले. ते योग्यच आहे. सांडपाण्याचा उल्लेखही त्याच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. पण गाजतो तो आकडा नळजोडण्यांचा. पुरवलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होते, असे अभियंते धरून चालतात. हजार वस्तीच्या गावात ते रोज ४४,००० लिटर झाले. ते जाणार कोठे? विहिरीजवळ शोषखड्डा खणला, तर भेगाळ खडकातून फारसे न गाळता ते विहिरीतच परतेल. त्यातून आलेले नायट्रेट उकळूनही जात नाही. पाणी आटल्याने उलट त्याचे प्रमाण थोडे वाढतेच.

आणि तोटी नसलेला नळ? मिनिटाला दहा लिटर धरले, तर तासाभरात अकरा माणसांचा दिवसाचा वाटा त्याच गटारात जातो.

शाळेला हे तपासता येईल. पाणी सुटल्यावर टाकीजवळचा एक आणि गावातील शेवटच्या नळाचा एक, असे दोन नमुने घ्यावेत. शिक्षकांनी स्वतः, द्रावण हाताला लागू न देता, दोन्हींची ओ.टी. चाचणी करावी. पहिला नमुना पिवळा झाला आणि दुसरा पाण्यासारखाच राहिला, तर मुलांना घेऊन वाहिनीच्या कडेकडेने चालत जावे आणि ती कोठे कोठे गटार ओलांडते ते नकाशावर मांडून ग्रामसभेत ठेवावे.