चित्रणाचा सांगाडा व त्याची कसोटी
चौपंखी ड्रोनच्या नव्या सांगाड्याची परीक्षा बहुधा वजन व मजबुती यांवरच केली जाते. भारताच्या २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा वर्ग स्वतंत्र असल्याने हलकेपणाचे आकर्षण समजण्याजोगे आहे. परंतु हवाई चित्रणास ही कसोटी अपुरी होय. पुढील भुजा बाहेर पसरलेल्या ज्या रचनेस ‘डेड कॅट’ असे विचित्र नाव रूढ झाले आहे, तिच्यात पंखे कॅमेऱ्याच्या दृष्टिक्षेत्राबाहेर राहतात. मात्र मोटारींमधील जोराच्या वाटणीचे गणित नव्याने मांडावे लागते. कार्बन तंतूची भुजा ताठ असली, तरी पंख्यांचा कंप कॅमेऱ्यापर्यंत पोचू शकतो. आणि चित्र ओळीओळीने टिपणाऱ्या संवेदकामुळे ते जेलीसारखे थरथरते. सारांश, सांगाडा उत्तम उडाला एवढ्याने तो उत्तम ठरत नाही. अंतिम निर्णय पडद्यावरील निष्कंप चित्राचाच मानला पाहिजे.