खेळांच्या कॅसेटी : एक रसविचार

संग्रह करणाऱ्या माणसाविषयी आपल्या समाजात दोन मते प्रचलित आहेत. संग्रह जुना झाला, त्यास इमारत मिळाली आणि दारावर तिकीट लागले, म्हणजे संग्राहक थोर. तोपर्यंत तो विक्षिप्त. कै. दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे कवी 'अज्ञातवासी', हे जुने अडकित्ते, दिवे आणि दौती यांच्या शोधात हिंडत, तेव्हा भेटेल त्याने त्यांना शहाणे म्हटले असेल असे आम्हांस वाटत नाही. आज तेच अडकित्ते पाहावयास आपण पाहुण्यांना पुण्यास घेऊन जातो. तेव्हा एखाद्या संग्रहाच्या वाट्यास अजून इमारत आलेली नाही, एवढ्यावरून त्याची किंमत ठरवू नये, हे प्रारंभीच सांगून ठेवतो.

निमित्त झाले ते जुन्नर येथील आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी पाहिलेल्या पत्र्याच्या डब्याचे. डबा बिस्किटांचा, आत मऊ फडक्यात गुंडाळलेल्या करड्या, लाल, निळ्या अशा चाळीसएक चपट्या डब्या. या गेमबॉय नामक जपानी हातयंत्रात घालावयाच्या खेळांच्या कॅसेटी होत. खरा शब्द कार्ट्रिज. परंतु आपल्याकडील मुलांनी टेपरेकॉर्डरच्या ओळखीने त्यांस कॅसेट म्हटले, आणि आम्हीही तेच म्हणू. निन्टेंडो कंपनीने हे यंत्र १९८९ साली काढले. पडदा हिरवट, चारच छटांचा. आत उजेड नाही. पाठीमागे चार पेन्सिल सेल. रंगीत पडद्याची प्रतिस्पर्धी यंत्रे लवकरच आली, पण ती सेल भराभर खात आणि महागही असत. गेमबॉयचे कर्ते गुनपेई योकोई यांचे धोरण असे होते की, अगदी नव्या तंत्राच्या मागे न धावता जुने, मुरलेले, स्वस्त झालेले तंत्र नव्या कामी लावावे. हे धोरण आमच्या काही नवकवींनीही मनावर घेण्याजोगे आहे. पण ते असो.

जुन्नर-आंबेगावाकडे खरा गेमबॉय फारसा आला नाही. जत्रेतील पालांवर मिळत ती '९९९९ खेळ' अशी बढाई मारणारी चिनी यंत्रे, आणि त्या ९९९९ खेळांत ठोकळे रचण्याचा एकच खेळ नाना वेष घेऊन पुनःपुन्हा येई. आमच्या विद्यार्थ्यास पहिली अस्सल कॅसेट परदेशाहून आलेल्या एका नातलगाने दिली. पुढच्या त्याने नोकरी लागल्यावर, एकेक करून, घरखर्चातून वाचवून घेतल्या. चार्ल्स लँबचा जुन्या चिनी भांड्यांवरील निबंध ज्यांनी वाचला आहे, त्यांस हे सुख समजावून सांगावयास नको. परवडत नसता घेतलेल्या वस्तूची गोडी, हातात पैसा खेळू लागल्यावर घेतलेल्या वस्तूस येत नाही, ही ब्रिजेटची तक्रार तेथे आहे. आमचा विद्यार्थी प्रत्येक कॅसेट कोणत्या महिन्यात घेतली आणि त्या महिन्यात काय घ्यावयाचे राहिले, हे सांगू शकतो.

शिवाय यात परीक्षेचा एक आनंद आहे, तो पोथ्या आणि नाणी यांच्या शौकिनांस तत्काळ ओळखीचा वाटेल. अस्सल कॅसेटीचा स्क्रू निराळ्या घडणीचा, साध्या पेचकसाने न उघडणारा. यंत्र सुरू होताच ते कॅसेटीत कोरलेले कंपनीचे नाव आपल्या पोटातील नावाशी ताडून पाहते, आणि जुळले नाही तर खेळ सुरूच होऊ देत नाही. नकली कॅसेटी करणारांनी अर्थात ती मुद्राही जशीच्या तशी उचलली. म्हणून शेवटी चिठ्ठीवरील छपाई, प्लॅस्टिकचे वजन आणि आतील पट्टी यांवर भरवसा ठेवावा लागतो. जाता जाता हेही सांगावयास हरकत नाही की, कॅसेट चालेनाशी झाली की तिच्यात फुंकर मारण्याचा जो सार्वत्रिक प्रघात होता, तो चुकीचा. तोंडातील ओलाव्याने धातूची टोके गंजतात. तिला गुण येई तो काढून पुन्हा नीट बसविल्यामुळे.

परंतु या छंदाची एक शाखा आम्हांस मुळीच पसंत नाही. पाश्चात्त्य देशांत सील न फोडलेले खेळ पारदर्शक पेटीत बंद करून, त्यांस गुण देऊन, लिलावात विकण्याची चाल पडली आहे. जुलै २०२१ मध्ये १९९६ सालचा असा एक न उघडलेला खेळ, तो हातयंत्राचा नव्हे, पंधरा लाखांहून अधिक डॉलरना गेला. पाने न फाडलेले पुस्तक कपाटात मिरविणाऱ्या गृहस्थास आम्ही वाचक म्हणत नाही. मग यांस खेळाचे रसिक का म्हणावे?

आता मुद्द्याच्या कॅसेटीकडे वळतो. ती 'पोकेमॉन'ची, लाल. हा खेळ १९९६ साली जपानात निघाला. त्याचे कर्ते सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करीत, आणि तोच छंद त्यांनी खेळात उतरविला : रानावनांत हिंडून दीडशे प्राणी जमवावयाचे. मौज अशी की एका कॅसेटीवर हा संग्रह कधीच पुरा होत नाही. काही प्राणी केवळ लाल कॅसेटीत, काही केवळ निळ्या. दोन यंत्रे तारेने जोडून, दुसऱ्या खेळाडूशी अदलाबदल केल्यावाचून गत्यंतर नाही. आमच्या मते या खेळाचे खरे वाङ्मयीन मर्म येथे आहे. कर्त्याने संग्राहकाचा लोभ जागा केला, आणि तो पुरविण्यासाठी त्यास शेजाऱ्याच्या दारी पाठविले.

विद्यार्थ्याने ही कॅसेट जुन्या बाजारातून घेतली. यंत्रात घालून पाहिली तो आत कोणा अनोळखी मुलाचा अर्धवट खेळ : चार अक्षरांचे नाव, आठांपैकी सात पदके, त्रेसष्ट तास. कॅसेटीत खेळ साठविण्यास जागा एकच. आपला नवा खेळ साठवावा तर त्या मुलाचा पुसला जातो. आणि तो साठा टिकतो तो आतल्या नाण्याएवढ्या बटनसेलवर. सेल संपला की नाव, पदके, तास सारे जाते. "सर, वस्तू माझी, पण आतले काही माझे नाही," असे तो आम्हांस म्हणाला. त्याने ती तीन वर्षे न खेळता ठेवली होती.

आम्ही त्यास नाणेघाटाची आठवण दिली. घाटाच्या कातळावर खळगे कोरून केलेले मंकळ्यासारखे खेळपट आहेत. कोकणातून माल चढविणाऱ्या तांड्यांतील माणसे तेथे टेकत असतील, डाव मांडत असतील. पट टिकले, कोण जिंकले, कोण रागावून उठून गेले, याची खूण दगडाने ठेवली नाही. तेथेच नागणिकेच्या लेण्यात सातवाहन कुळातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. त्या गेल्या आणि वर कोरलेली नावे राहिली. आंबेगावाची गोष्ट याहून जवळची : तालुक्यास ज्याचे नाव आहे ते मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे, आणि कचेरी घोडेगावास. नाव सांभाळून मूळ वस्तू हरविण्याची या मुलखास सवयच आहे म्हणावयाची.

कोणी म्हणेल, हे खेळ आता इंटरनेटवरून मिळतात. डब्यांचे एवढे कौतुक कशास? मिळतात, पण दुकानदाराच्या मर्जीवर. निन्टेंडोने आपल्याच ३डीएस या हातयंत्राचे विक्रीचे दुकान मार्च २०२३ मध्ये बंद केले. त्याच वर्षी अमेरिकेत झालेल्या एका पाहणीत असे आढळले की, तेथे २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी सत्त्याऐंशी टक्के खेळ बाजारात मिळत नाहीत. आणि मिळाले तरी त्यांत त्या चार अक्षरांच्या मुलाचे त्रेसष्ट तास असणार नाहीत.

उपाय होता, आणि विद्यार्थ्यास तो ठाऊक होता. कॅसेटीतील साठा संगणकावर उतरवून घेणारे लहानसे उपकरण मिळते. साठा उतरवावा, जुना सेल काढून नवा डाक लावून बसवावा, साठा परत भरावा. जुन्या पोथीची नक्कल करणारे लेखक याहून निराळे काय करीत? त्याने तसे केले. त्यावर आम्ही आमचे मत दिले की, आता ही कॅसेट पोथीसारखी ठेवावी. वाचावी, तिच्यात लिहू नये.

आमचे मत त्याच्या आठ वर्षांच्या मुलीने मानले नाही. तिला निळी कॅसेट मिळाली होती आणि तिच्यात न सापडणारा एक प्राणी हवा होता. गेल्या दिवाळीत तिने दोन यंत्रे तारेने जोडली, आपला एक क्षुल्लक पक्षी त्या मुलास दिला आणि त्याचा एक प्राणी घेतला. या खेळात प्राणी कोठेही गेला तरी प्रथम पकडणाराचे नाव त्याच्यावर कायम राहते. तेव्हा ती चार अक्षरे आता निळ्या कॅसेटीतही आहेत, आणि लाल कॅसेटीत त्रेसष्ट तासांवर काही मिनिटे चढली आहेत. आम्ही गेलो तेव्हा ती मुलगी आपल्या वडिलांस विचारीत होती, तो दादा परत आला तर त्याला आपला पक्षी आवडेल का.